सपाट न बसणारी पानं

डिंकाताईंचं खरं नाव संस्थेत आता फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या वनस्पतिसंग्रहाच्या एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसून वाळलेल्या फांद्या जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवत होत्या. फांदी कोणी डोंगरावरून आणो की बसथांब्यामागून, ती आधी टीपकागदांत दाबून वाळायची आणि मग डिंकाताईंच्या हाताखाली यायची. त्या ती कागदावर मांडायच्या, चिकटवायच्या, देठ जाडजूड असेल तर दोऱ्याचे दोन टाके घालायच्या आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायच्या: झाड कोणतं, कुठे मिळालं, कधी, कोणी आणलं. अशा एका कागदाला तिथे सगळे शीट म्हणत. अशी साठ हजार शीट चौऱ्याण्णव कपाटांत पडून होती.

डिंकाताईंच्या शीटवर पान असं बसायचं की इस्त्रीवाल्याने लाजावं. बाहेरगावचे अभ्यासक कपाट उघडून विचारायचे, "हे कोणी केलंय?" तेव्हा डिंकाताई मान खाली घालून डिंक ढवळत राहायच्या, जसं काही ऐकलंच नाही. ऐकलेलं असायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर ते मामांना शब्दन् शब्द सांगितलंही जायचं.

मामा म्हणजे सख्खे मामा. भाचीला इथे चिकटवलं तेही त्यांनीच, कारण तेव्हा संग्रहाचे प्रमुख ते होते. पहिली दोन वर्षं लोक पाठीमागे "वशिल्याची भाची" म्हणत राहिले, तिसऱ्या वर्षी तिची शीट बघून गप्प बसले. घरात मामा आणि फाटकातून आत शिरलं की सर, असा मामांचा कडक कायदा होता. एकदा त्या चुकून सगळ्यांसमोर "मामा, डबा विसरलात" म्हणाल्या, तर मामांनी दिवसभर अबोला धरला आणि डबाही खाल्ला नाही. आता मामा त्र्याऐंशीचे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, डोळ्यांना सगळं धूसर दिसायचं, आणि राहायला भाचीकडेच होते.

या मामांच्या आयुष्याला एक झाड चिकटलेलं होतं. खडवी हे तसं कुठेही दिसणारं झाड, रस्त्याच्या कडेला, मैदानाच्या कोपऱ्यात. पान लांबट, बुडाशी गोल. फळं वाटाण्याएवढी, पानाच्या बगलेत. कोणी मुद्दाम मान वर करून बघावं असं त्यात काही नाही. पण बेचाळीस वर्षांपूर्वी मामांना एका कुंपणाशी अशी खडवी सापडली, की जिच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी, देठाच्या दोन्ही बाजूंना, बोटाच्या पेराएवढे दोन कान होते. सशासारखे, उभे. मामांनी चित्र काढलं, मोजमापं घेतली, लेख लिहिला आणि खडवीचा दुर्मीळ वाण म्हणून झाडांच्या अधिकृत यादीत तिचं नाव घातलं: कानखडवी.

पुढच्याच वर्षी वादळात ते झाड मुळासकट आडवं झालं आणि लोकांनी मामांना धारेवर धरलं. कारण मामांनी आणलेल्या एकुलत्या एक फांदीला ना फूल होतं ना फळ. लोक म्हणाले, अहो, तोडलेल्या बुंध्यातून नवे फुटवे येतात ना, त्यांची पानं अशीच वेडीवाकडी असतात, त्यात कसला आलाय वाण? मोठ्या झाडाच्या फळलेल्या फांदीवर कानाचं पान दाखवा, मग बोला. मामा बेचाळीस वर्षं तेच शोधत राहिले. निवृत्त झाल्यावरही, डोळे साथ देत होते तोवर, दर वर्षी संग्रहात येऊन खडवीचं एकेक शीट चाळून जायचे. त्यांचं स्वतःचं ते एक सोडलं तर एकाही शीटवर कान नव्हते.

आणि आज दुपारी चार वाजता यादी सुधारणारी समिती बसणार होती. कानखडवीचं नाव खोडायचं, हे जवळजवळ ठरलेलं होतं.

सकाळी नऊ वाजता मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून खुर्चीत तयार बसले होते.

"मामा, चारला आहे बैठक," डिंकाताई म्हणाल्या. "आत्तापासून बूट कशाला?"

"चारला आहे ते माहीत आहे मला. घड्याळ दिसत नाही, ऐकू येतं."

"यायलाच हवं का पण? मी आहे ना तिथे. मी सांगते येऊन."

"नाव खोडताना माणूस समोर असलेला बरा," मामा म्हणाले. "मागे बोलायला कोणाला काही राहत नाही. तू जा, तुला उशीर होतोय. आणि तिथे गेल्यावर मला सर म्हण."

बस पकडेपर्यंत डिंकाताईंनी तीनदा डोळे पुसले आणि तिन्ही वेळा धुळीला शिव्या घातल्या.

संग्रहाच्या प्रमुख आता एक तरुण बाई होत्या. खुर्चीवर येऊन सहाच महिने झालेले, बोलणं रोखठोक, पण मनात काही ठेवून वागणं नाही. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, अगदी डिंकाताईसुद्धा, जरी मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या असल्या तरी.

"डिंकाताई, खडवीची सगळी शीट काढून लांब टेबलावर मांडाल? एक्केचाळीस आहेत. समितीला बघायची आहेत." मग जरा थांबून मॅडम म्हणाल्या, "मला सरांचं नाव खोडायची हौस नाही हो. पण फळलेल्या फांदीवर कानाचं एक, फक्त एक पान हवं. ते नसेल तर मी तरी काय करू?"

"तुमचं काय चुकतंय," डिंकाताई म्हणाल्या, आणि कपाट उघडलं.

एक्केचाळीसपैकी चौतीस शीट त्यांच्याच हातची होती. टेबलावर ओळीने मांडताना त्यांना नेहमीसारखं बरं वाटेना. आज ती सगळी देखणी, सपाट, गुळगुळीत पानं मामांच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी होती. डिंकाताई एकेक शीट सरळ करत गेल्या. अठ्ठाविसाव्या शीटपाशी त्यांचा हात थांबला.

फांदी छान होती. पाच जागी फळं होती. पान मात्र एकच. बाकी पानांच्या जागी नुसती देठं उरली होती, कात्रीने छाटलेली.

आता छाटलेलं देठ यात नवल काही नव्हतं. फांदीवर पानांची गर्दी झाली, एखादं पान दुमडलं, चुरगळलं, की चिकटवणारा ते कापतो. मात्र देठाचा तुकडा ठेवतो, म्हणजे इथे पान होतं हे बघणाऱ्याला कळतं. डिंकाताईंना पहिल्याच दिवशी मामांनी हा धडा दिला होता: "जे पान सपाट बसत नाही ते काप. देठ ठेव. आणि टाकायचं काही नाही, सगळं पाकिटात." पाकीट म्हणजे प्रत्येक शीटच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलेली कागदाची घडी. त्यात सुटलेलं फळ, गळलेलं पान, कापलेलं पान, सगळं जायचं. आणि पाकीट कोणीही, कधीही उघडायचं नाही, म्हणजे तसा नियम नव्हता, पण समोर एवढं सुंदर शीट असताना कचऱ्याची पुडी उघडतो कोण?

डिंकाताईंनी देठं मोजली. अकरा. अकरा पानं कापली होती त्यांनी एका फांदीवरची! एरवी दोन, फार तर तीन. कापणारा दुसरा कोणी असेल म्हणावं, तर तीही सोय नव्हती. डिंकाताई डावखुऱ्या. त्यांच्या कात्रीचा छाट नेहमी उलट्या बाजूला तिरका जायचा, आणि ती अकराच्या अकरा देठं तशीच तिरकी होती.

"का गं कापलीस एवढी?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. आणि लगेच आठवलं. पान आठवलं नाही, हाताला झालेला त्रास आठवला. एक फांदी आली होती, तिची पानं बुडाशी काही केल्या बसत नव्हती. दाबताना कडा आत मुडपून गेलेल्या, कडक झालेल्या, कागदावर ठेवलं की पान डुगडुगायचं. चिडून त्यांनी सगळी छाटली होती आणि त्यातल्या त्यात बरं एक ठेवलं होतं.

बुडाशी. कडा. मुडपलेल्या.

डिंकाताई झटक्याने शीटवर वाकल्या.

पाकिटाची घडी त्यांनी नखाने हळूच सोडवली. आत अकरा पानं एकमेकांत अडकून बसली होती. एक उचललं. दिसायला साधंच, पण बुडाशी मागच्या बाजूला काहीतरी गुंडाळल्यासारखं, वाळून काळपट झालेलं. फाटलेली कड असेल, किडीने मुडपलं असेल, काहीही म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षांपूर्वी डिंकाताईंनी काहीही न म्हणता कात्री चालवली होती. मामांच्या चित्रातले कान ताज्या पानाचे, ताठ उभे होते. ही वाळकी गुंडाळी आणि ते चित्र यांचा संबंध जोडायचं त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

वाळलेलं पान मऊ करायची युक्ती त्यांना पाठ होती. सकाळच्या चहाची बशी धुतली, किटलीतलं गरम पाणी ओतलं, साबणाचा एक थेंब टाकला आणि पान त्यात सोडलं.

मिनिट गेलं. दोन गेली. पानाचा रंग गडद झाला. डिंकाताई बशीवर एवढ्या वाकल्या होत्या की चष्म्याच्या काचा वाफेने भरल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तेवढ्यात बुडाशी असलेली गुंडाळी जराशी हलली. डावी बाजू आधी सुटली. मग उजवी. सावकाश, अंग मोडून कोणी उठावं तशी, आणि देठाच्या दोन्ही बाजूंना पेराएवढे दोन कान पाण्यात उघडले.

"अगं बाई!" डिंकाताई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या खोलीतली टंकलेखनाची टकटक थांबली.

त्या खोलीत दोन चकरा मारून आल्या, बशीत पुन्हा बघितलं. कान होते. त्यांना हसू येत होतं आणि रडू येत होतं, कशाला आधी वाट द्यावी कळत नव्हतं. मग त्यांनी पदर खोचला आणि उरलेली पाकिटं उघडायला घेतली. वेळ कोणाला होता! सव्वाअकरा वाजून गेले होते. एकोणतीस, साधी पानं. तीस, साधी. एकतीसमध्ये पुन्हा गुंडाळ्या! तेहतीसमध्ये पुन्हा! तिन्ही शीटच्या चिठ्ठ्या एकाच हातच्या, तेव्हाच्या माळ्याच्या अक्षरात: "जुन्या पंपघराच्या मागे. मोठं झाड, पंचवीस फूट. फळं आलेली."

पंचवीस फूट! कसला फुटवा आणि कसलं काय!

बशी दोन्ही हातांत धरून, पाणी सांडत सांडत, डिंकाताई मॅडमच्या खोलीत शिरल्या. दार वाजवायचंही भान राहिलं नाही.

मॅडमनी बशी बघितली, शीट बघितलं, पाकीट बघितलं. त्यांचे डोळे मोठे झाले आणि मग, डिंकाताईंना नको होतं तेच झालं, कपाळावर आठी आली.

"हे पाकिटातलं आहे," त्या म्हणाल्या. "समितीचे अध्यक्ष काय म्हणतील सांगू? पाकिटात कोणीही काहीही टाकू शकतं. हे पान याच फांदीचं कशावरून? आणि तुम्ही सरांच्या भाची."

ही शंका खरी होती. मामांसाठी भाची काय वाट्टेल ते करेल असं म्हणायला लोकांना किती वेळ लागतो?

"छाट जुळेल," त्या म्हणाल्या. "मॅडम, मी डावखुरी आहे. देठाचा छाट बघा आणि पानाचा बघा. बसतो की नाही बघा!"

दोघी मायक्रोस्कोपला बिलगल्या. शीट खाली सरकवलं, देठाचं टोक नेमकं आणलं, शेजारी चिमट्यात न भिजवलेलं एक पान धरलं. पहिलं जुळलं नाही. दुसरं नाही. अकरा देठं आणि शिल्लक दहा पानं, कोणतं कोणाचं लावायचं, लहान मुलांच्या जोड्या जुळवण्याच्या खेळासारखं चाललं होतं. मॅडम जेवायचं विसरल्या. "हे नाही... ते द्या... ते वरचं... अहो, हलू नका!" असं त्या ओरडत होत्या आणि डिंकाताई "मी कुठे हलतेय, तुमचंच कोपर लागतंय" असं उलट ओरडत होत्या, आणि प्रमुखांवर आपण आवाज चढवतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

सातव्या देठाला किडा लागलेला होता. देठाच्या आतून त्याने बारीक नळी पोखरलेली, जराशी डावीकडे, अर्ध्या चंद्राच्या आकाराची. आणि पाचव्या पानाच्या छाटावर तीच नळी, त्याच जागी, त्याच आकाराची.

मॅडम बराच वेळ भिंगातून डोळा काढेनात. मग त्या सरळ झाल्या आणि त्यांनी डिंकाताईंचा दंड घट्ट धरला.

"किडा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "एकच नळी, दोन्हीकडे. डिंकाताई, जमलं!" मग आवाज खाली आला. "पण अध्यक्ष विचारतीलच. हे कापलं कोणी, का कापलं. तुम्हाला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. चालेल?"

डिंकाताईंना तेव्हा कुठे त्याची दुसरी बाजू दिसली. मामा दर वर्षी इथे यायचे. याच खुर्चीत बसून ही तीनही शीट त्यांनी डोळ्यांसमोर धरली होती, किती वेळा! आणि ते जे शोधत होते ते त्यांच्या अंगठ्याखालच्या पुडीत होतं, भाचीने छाटून ठेवलेलं. शाबासकी मिळवायच्या नादात तिने मामांचं झाड मामांपासून लपवलं होतं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मॅडमनी तोवर पंपघराचा नंबर शोधून काढला होता. फोन डिंकाताईंनीच केला.

"हॅलो, तुमच्या मागच्या भिंतीशी झाड आहे का हो? मोठं?"

"आहे की," पलीकडून एका पंपचालकाचा कंटाळलेला आवाज आला. "तोडायला येताय का? किती अर्ज केलेत आम्ही."

"नाही, नाही! तोडू नका! त्याच्या पानांना कान आहेत का?"

"बाई, तुम्हाला फोन कुठे लावायचा होता?"

"पानाच्या बुडाशी, देठाजवळ, दोन कान. सशासारखे. जरा बघून सांगता का? म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"सशासारखे," पंपचालक म्हणाला. "पाळी संपली की बघतो." आणि फोन ठेवला. हा काही बघत नाही, असं दोघींनाही वाटलं.

चारला पाच कमी असताना मामा काठी टेकत आले. डिंकाताईंनी त्यांना काही सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर त्या तिथेच रडल्या असत्या. समितीत तिघे होते. अध्यक्ष सत्तरीचे, पांढऱ्या भुवयांचे. लोकांनी मामांना धारेवर धरलं तेव्हा त्या लोकांत ते पुढे होते. त्यांनी मामांना नमस्कार केला, मामांनी आवाजाच्या दिशेने नमस्कार केला आणि दोघेही एकमेकांपासून लांबच्या खुर्च्यांवर बसले.

मॅडमनी सगळं क्रमाने मांडलं. शीट, पाकीट, बशीतलं पान, मायक्रोस्कोपखालचा किडा. मामांची काठी मधेच खाली पडली, ती कोणी उचलली नाही.

अध्यक्ष उठून भिंगातून बघून आले. पुन्हा बघून आले. "छाट जुळतो," ते सावकाश म्हणाले. "मान्य. पण मला एक कळत नाही. अकरा पानं कापली आणि ठेवलं कुठलं, तर नेमकं साध्या पानासारखं दिसणारं एक. हे असं कोण करतं? या शीटवरचे कान काढून टाकायचं काम कोणी मुद्दाम केल्यासारखं आहे. ज्याने केलं तो इथे आहे का?"

डिंकाताई भिंतीशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही. ती पानं सपाट बसत नव्हती. शीट छान दिसावं म्हणून कापली. सव्वीस वर्षं मी हेच केलंय, खडवीचंच नाही, सगळ्याच झाडांचं. मला वाटायचं मी चांगलं काम करते. चूक माझी आहे, सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ठेवलेलं पानही बघा, बाजूने डिंक सोडवा, त्याच्या मागेही मी कान दाबून चिकटवले असतील."

मॅडमनी तिथल्या तिथे ओल्या कापसाने त्या एकुलत्या पानाचं बूड सोडवलं. मुडपलेले दोन कान होतेच, डिंकात पक्के दाबलेले. पान फांदीला जसंच्या तसं जोडलेलं होतं आणि त्याच्या बगलेत फळ होतं.

मग मामा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उभे राहिले.

"खोटं बोलतेय ती," ते म्हणाले.

डिंकाताई त्यांच्याकडे वळल्या.

"चूक तिची नाही. 'जे पान सपाट बसत नाही ते काप', हा नियम माझा. पहिल्या दिवशी मी तो तिच्याकडून घोकून घेतला होता. मलाच सपाट पानांची फार हौस!" आणि मामा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं मी डोंगर पालथे घातले आणि माझंच झाड माझ्याच नियमाने माझ्याच कपाटात! अहो, मला वेड्यात काढलंत ते बरोबरच होतं, फक्त कारण चुकलं तुमचं!"

अध्यक्षांच्या भुवया थरथरल्या. पहिल्यांदा तेही हसू आवरायला बघत होते, मग त्यांनी तो नाद सोडला.

"नाव राहू द्या," ते मॅडमना म्हणाले. "आणि खाली टीप घाला, फळलेल्या फांदीवर खात्री झाली म्हणून. माझी सही आधी."

सह्या चालू असतानाच दार ढकलून एक खाकी कपड्यातला माणूस आत आला. हातात बादली, बादलीत हातभर लांबीची हिरवी फांदी, तिला लगडलेली फळं.

"कानवाल्या झाडाच्या बाई कोण?" त्याने विचारलं. "आहेत हो कान! शिडी लावून वरची तोडून आणली. आता कळलं आमची जाळी सारखी का तुंबते ते. कान अडकतात."

डिंकाताईंनी फांदी उचलली आणि मामांच्या हातात दिली. मामांनी एक पान धरलं, बोट देठावरून वर नेलं, बुडाशी आलं तसं थांबवलं. दोन्ही कान त्यांनी अंगठ्याने आणि तर्जनीने चाचपले, मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. शेवटी फळ सापडलं.

"मामा," डिंकाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या. जीभ चावायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"काय गं?" मामा म्हणाले.

फांदी वाळायला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी मामा हट्टाने संस्थेत आले आणि डिंकाताईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. डिंकाताईंनी कागद घेतला, फांदी मांडली. पानं अर्थातच बसेनात. यावेळी दाबताना त्यांनी कान मुडपू दिले नव्हते, त्यामुळे ते सगळीकडून वर आले होते, एकमेकांत घुसले होते, एक तर कागदाबाहेर जात होता. डाव्या हाताने सवयीने कात्री उचलली.

"बसलं का?" मामांनी विचारलं. कात्री टेबलावरून उचलल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"नाही बसत."

"मग?"

डिंकाताईंनी कात्री खणात टाकली आणि खण बंद केला. सुईत दोरा ओवून त्यांनी प्रत्येक कानाला, जसा होता तसा, एक एक टाका घातला. दुपारपर्यंत शीट तयार झालं. पानं वेडीवाकडी, एकावर एक चढलेली, कागद जागोजागी फुगलेला. इतकं बेंगरूळ शीट त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

महिन्याभराने बाहेरगावचा एक अभ्यासक आला. कानखडवीचं ऐकूनच आला होता. त्याने कपाट उघडलं, शीट बाहेर काढलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"हे कोणी केलंय?"

डिंकाताईंनी डिंकाची कांडी बाजूला ठेवली आणि मान वर केली.

"मी," त्या म्हणाल्या.